गच्ची एक, मीटर सतरा

गेल्या अंकात मी 'शिलकीची इमारत' हा शब्द वापरला होता. वर्षभरात जेवढी वीज वापरते त्याहून जास्त वीज स्वतः तयार करणारी इमारत, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर खूप पत्रं आली. बावीस वर्षं मी लोकांच्या इमारतींचं ऊर्जा लेखापरीक्षण करते आहे, पण एकाच विषयावर एवढे वाचक वीजबिलांच्या झेरॉक्स जोडून पाठवतात हे पहिल्यांदाच पाहिलं. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते.

नमस्कार ताई. आमची कोथरूडमध्ये चार मजली, सोळा फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट नाही. सगळ्यांची बारा महिन्यांची बिलं जोडली आहेत. आमची इमारत शिलकीत येऊ शकते का? सोलरवाला म्हणतो, 'गच्ची भरून टाकू, बिल शून्य.'
*– सोसायटीचे सचिव, पुणे*

तुम्ही सोळाच्या सोळा घरांची बिलं गोळा केलीत, याचं मला फार कौतुक वाटलं. अर्धं काम तिथेच झालं. सोळा घरं मिळून महिन्याला सरासरी २,९०० युनिट आणि जिना, पंप, पार्किंग यांचे ५२०. म्हणजे वर्षाला ४१,०४० युनिट.

आता गच्ची. तुम्ही ३,६०० चौरस फूट लिहिलंय. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, डिश आणि चालायची वाट वगळली की सावली नसलेली २,२०० फूट जागा उरते. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट धरायचे. म्हणजे २२ किलोवॉट. आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाला १,४०० युनिट देतो असं मी धरते. काही जण १,५०० सांगतात, पण पॅनेलवर धूळ बसते, कबुतरं बसतात आणि जुलैत सूर्य दिसत नाही. तेव्हा ३०,८०० युनिट. तुमची गरज ४१,०४०. गच्ची भरूनही १०,२४० युनिटांची तूट राहते.

म्हणून सोलरवाल्याला आधी बोलावू नका, वायरमनला बोलावा. एका घरात चार पंखे, रोज सरासरी दहा तास. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. घरटी रोज १.८ युनिट वाचतात. थंडीचे तीन महिने सोडले तरी वर्षाला ४८६, आणि सोळा घरांचे ७,७७६. जिन्यात तुमच्या बारा जुन्या ट्यूब चोकसकट ५० वॉट खातात आणि रात्रभर जळतात. तिथे माणूस आला की लागणारे ९ वॉटचे दिवे लावलेत तर आणखी २,१५० वाचतील. तीन हॉर्सपॉवरचा पंप रोज चार तास चालतो असं तुम्ही लिहिलंय. सोळा घरांना चार तास लागत नाहीत. टाकी भरून वाहत असणार, नाहीतर पंपाच्या पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळत असणार. पंप अडीच तासांवर आला की आणखी १,२००. एकूण बचत ११,१२६ युनिट. गरज उरली २९,९१४, उत्पादन ३०,८००. तुम्ही जेमतेम नऊशे युनिटांनी शिलकीत आलात.

हे नऊशे किती नाजूक आहेत तेही सांगते. विजेवरची स्कूटर रोज तीस किलोमीटर चालली तर साधारण एक युनिट घेते. पार्किंगमध्ये अशा तीन स्कूटर आल्या की शिल्लक संपली. माझ्या मते त्यात वाईट काही नाही, पेट्रोल वाचतंच. फक्त हिशेबात ते धरायला हवं.

आता जिथे बहुतेक सोसायट्या अडतात तो मुद्दा. तुमची गच्ची एक आहे, पण जिन्याखालच्या पॅनेलमध्ये मीटर सतरा आहेत. सोळा घरांचे आणि एक सामायिक. गच्चीवरचा प्रकल्प सामायिक मीटरला जोडला तर तो सामायिक बिलातूनच वजा होतो, देशपांड्यांच्या किंवा शेखांच्या घरच्या बिलातून नाही. शिवाय प्रकल्पाची क्षमता वीज कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेल्या भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. बचतीनंतर तुमच्या सामायिक मीटरला दोन-तीन किलोवॉटच पुरतील. उरलेली गच्ची सर्वसाधारण सभेत ठराव करून घरांना वाटून द्यावी लागेल, प्रत्येकी साधारण सव्वा किलोवॉटची जागा आणि प्रत्येकाचं स्वतःचं नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं. छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. वाटणीचा ठराव लेखी हवा आणि कोणाचं पॅनेल कुठे, याचा नकाशा त्याला जोडलेला हवा. घर विकलं की नवा मालक तोच नकाशा मागतो.

जास्तीच्या युनिटांची बँक आर्थिक वर्षापुरतीच असते. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात, हे आपल्या सोयीचं आहे. पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून घरटी गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवू नका.

आणि एक विनंती. आमच्या स्वतःच्या सोसायटीत २०१८ साली १० किलोवॉटचा प्रकल्प बसला. बसवणाऱ्याने मे महिन्यात येऊन मोजमाप घेतलं होतं. डिसेंबर उजाडला आणि रोजचे चाळीस युनिट सत्तावीसवर आले. मी सकाळी वर गेले तर टाकीची सावली सहा पॅनेलवर आडवी पडली होती. पॅनेल माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा प्रवाह आखडतो. मी मुलाचा खडू घेतला आणि नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीची कड फरशीवर आखली. बारा वाजताची रेघ टाकीपासून बरीच जवळ होती, नऊची थेट दुसऱ्या रांगेच्या पायापर्यंत. रेघा पुसट व्हायला लागल्यावर मी त्यांवर ऑइलपेंट मारून घेतला, रेघा अजून आहेत. सहा पॅनेल हलवायला जो खर्च आला तो टळला असता. तुम्ही २१-२२ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लांब सावल्यांच्या दिवशी, आधी खडू फिरवा. मग करार करा.

सोलर बसवून सहा महिने झाले. भर दुपारी, कडक उन्हात वीज गेली की आमचंही सगळं बंद. मग एवढा खर्च कशाला केला?
*– एक गृहिणी, सांगली*

तुमचा राग रास्त आहे, कारण विकताना हे कोणी सांगत नाही. वीज जाते तेव्हा खांबावर कोणीतरी काम करत असू शकतं. तुमच्या गच्चीवरून वीज तारेत जात राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून बाहेरची वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, क्षणात स्वतःला बंद करतो. तो बिघाड नाही. वीज गेल्यावर दिवे-पंखे चालू हवे असतील तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि घरात त्यासाठी वेगळी लाइन ओढावी लागते. पंखे, दिवे, वायफाय एवढंच त्या लाइनवर ठेवा. तुमच्या पत्रात वर्षातून सात-आठदाच वीज जाते असं आहे. तेवढ्यासाठी मी बॅटरी घेणार नाही.

आमचा ठाण्यात बावीस मजली टॉवर आहे, अठ्ठ्याऐंशी फ्लॅट. मुलाने नॉर्वेतल्या एका इमारतीचा फोटो दाखवला, ती वापरापेक्षा दुप्पट वीज तयार करते म्हणे. गच्ची पुरत नसेल तर आम्ही काचेच्या जागी भिंतींवर पॅनेल लावू का?
*– निवृत्त बँक अधिकारी, ठाणे*

तो फोटो बहुधा ट्रॉन्डहाइमच्या 'पॉवरहाउस ब्रात्तोरकाया'चा असावा. २०१९ मध्ये उभी राहिलेली कार्यालयांची इमारत, स्नोहेट्टा या वास्तुरचनाकारांची. तिचं तिरकं छप्पर आणि वरच्या भिंती मिळून सुमारे ३,००० चौरस मीटर पॅनेल आहेत. ती सुंदर आहे, पण तिची नक्कल ठाण्यात चालणार नाही, आणि त्याचं कारण सूर्य आहे. ट्रॉन्डहाइम ६३ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य आपल्यापेक्षा बराच खालून फिरतो, त्यामुळे तिरकं छप्पर आणि उभी भिंत त्याच्या समोर येतात. ठाणं १९ अंशावर. १५ मेच्या सुमारास भर दुपारी तुमच्या कंपाउंडमधल्या खांबाला सावलीच नसते, आणि पुढचे दोन महिने दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं थेट ऊन मिळतच नाही. भिंतीवरचं पॅनेल गच्चीवरच्या पॅनेलच्या तुलनेत बरंच कमी देईल, आणि विसाव्या मजल्यावर ते धुणार कोण?

तुमच्या आकड्यांवर सरळ बोलते. गच्चीवर २५ किलोवॉट बसतील, वर्षाला ३५,००० युनिट. अठ्ठ्याऐंशी घरं महिन्याला प्रत्येकी २०० युनिट धरली तरी वर्षाला दोन लाख अकरा हजार. लिफ्ट आणि पंप अजून धरलेलेच नाहीत. म्हणजे सहावा हिस्सा. तुमचा टॉवर एकटा शिलकीत येणार नाही, आणि कोणी येईल म्हणून सांगत असेल तर त्याच्याकडून आकडे लिहून घ्या.

दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन पाहा. २०१४ मध्ये सुरू झालेलं हे सरकारी कार्यालय वापराएवढी वीज स्वतः तयार करायची या बेताने बांधलं. इमारत फार उंच नाही, तरी ९३० किलोवॉट बसवायला पॅनेलचं छत इमारतीच्या कडेबाहेर काढावं लागलं. शिवाय आधी मधलं अंगण, वारा, सावली आणि थंडावा देण्याची काटकसरी पद्धत यांनी गरज खाली आणली. बावीस मजल्यांना असं छत काढायला आकाशच पुरत नाही.

तुम्ही करायचं ते असं. २५ किलोवॉट सामायिक मीटरला जोडा, तुमच्या लिफ्ट आणि पंपांना ते पूर्ण उपयोगी पडतील. पंप रात्री अकराऐवजी दुपारी बारा ते तीन चालवा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो, बाहेरची चटई ती येण्याआधी. आणि उरलेल्या पाच हिश्श्यांसाठी शेजार लागतो. तो विषय पुढच्या पत्रात आहे.

आमच्या गल्लीत सहा इमारती आणि एक मराठी शाळा. शाळेची गच्ची आमच्या तीन गच्च्यांएवढी आहे आणि रिकामी पडली आहे. सगळ्यांनी मिळून गल्लीच शिलकीत आणता येईल का? आम्ही तरुण मंडळाची मुलं आहोत, गणपतीची वर्गणी गोळा करतो तशी ही माहिती गोळा करू.
*– मंडळाचे कार्यकर्ते, नाशिक*

हे पत्र मी तीनदा वाचलं. या महिन्यातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र हेच.

इमारत एकटी मोजली की बहुतेक वेळा गणित फसतं. शेजार धरून मोजलं की जमतं, कारण सगळ्यांची गरज एकाच वेळी नसते. तुमच्या शाळेकडे बघा. अकरा ते पाच पंखे-दिवे, संध्याकाळी काळोख. आणि मे महिना, जेव्हा नाशिकच्या गच्चीवर वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन असतं, तेव्हा शाळेला सुट्टी असते! त्याच मे महिन्यात तुमच्या घरांत दुपारी पंखे, कूलर, एसी चालू असतात. शाळेचं रिकामं छप्पर आणि घरांची दुपार एका हिशेबात आली तर दोघांचं भलं. आज ती येत नाहीत, कारण शाळेचं मीटर शाळेचं आणि तुमचं तुमचं.

याला उपाय आहे तो आभासी नेट मीटरिंगचा. प्रकल्प एका छतावर, आणि त्याचे युनिट आधी ठरलेल्या प्रमाणात अनेक मीटरांच्या बिलांतून वजा. दिल्लीने २०१९ मध्ये यासाठी नियम केले. महाराष्ट्रात अर्ज करण्याआधी वीज कंपनीच्या तुमच्या उपविभाग कार्यालयाकडून चालू नियम लेखी मागा, तोंडी उत्तरावर वर्गणी काढू नका. त्याच अर्जात दुसरा प्रश्न घाला. गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर अजून किती किलोवॉट सोलर बसू शकतं? त्याला मर्यादा असते, आणि पहिल्या दोन इमारतींनी ती संपवली तर उरलेल्या चार बाहेर राहतात. म्हणून एकत्र अर्ज करा.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत अशा शंभर वस्त्या घडवायच्या, ज्या वर्षभरात घेतात त्यापेक्षा जास्त ऊर्जा देतात. शंभराचा आकडा कागदावर लिहिणं सोपं असतं. खरं शिकायला मिळतं ते जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये. तिथे वोबाँ नावाचा भाग आहे. फ्रेंच सैन्याच्या बराकी होत्या, १९९२ मध्ये सैन्य गेलं, मग वस्ती झाली. तिच्या कडेला रोल्फ डिश या वास्तुरचनाकाराने एकोणसाठ घरांची सौर वसाहत उभी केली. सगळी छपरं दक्षिणेला, आणि पुढे आलेली पागोळी अशा मापाची की हिवाळ्याचं खालचं ऊन आत येतं आणि उन्हाळ्याचं अडतं. डिशने १९९४ मध्येच सूर्याबरोबर फिरणारं स्वतःचं घर बांधलं होतं. पण एका हौशी माणसाचं एक घर ते एकोणसाठ घरं, हा प्रवास नुसत्या हौशीवर झाला नाही. २००० साली जर्मनीने कायदा केला आणि छतावरच्या विजेला वीस वर्षं ठरलेला दर मिळेल अशी हमी दिली.  तुमच्या गल्लीलाही तेच लागेल, किती युनिटला किती वर्षं काय दर, हे आधी कळायला हवं.

उलट उदाहरण लंडनचं. बेडझेड नावाची वसाहत २००२ मध्ये झाली, नाव खूप गाजलं. घरं चांगली होती, आजही लोक राहतात. पण वसाहतीपुरतं लाकडाच्या तुकड्यांवर चालणारं वीज आणि उष्णतेचं छोटं केंद्र होतं, ते सतत बिघडत राहिलं आणि काही वर्षांतच बंद झालं. एका वस्तीपुरतं नाजूक यंत्र सांभाळायला माणूस मिळत नाही. म्हणून मी मंडळांना सांगते, पॅनेल, पंखे, दिवे, पंप. आपल्या वायरमनला कळेल तेवढंच बसवा.

आपल्या जवळची उदाहरणं गावांची आहेत. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. गुजरातमधल्या मोढेऱ्यात तेराशेहून जास्त घरांवर एक-एक किलोवॉट आहे, शिवाय जमिनीवरचा मोठा प्रकल्प आणि संध्याकाळसाठी बॅटरी. संध्याकाळ विसरू नका. वर्षाच्या हिशेबात तुम्ही शिलकीत असाल, पण संध्याकाळी सात ते दहा तुम्ही सगळी वीज बाहेरूनच घेणार, आणि ती बरीचशी कोळशाची असेल. म्हणून वर्गणीच्या वहीत आणखी एक पान ठेवा. एक आठवडा रोज संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला सातही ठिकाणचे मीटर वाचा. त्या चार तासांत गल्ली किती ओढते ते कळलं की कोणत्या कामाला दुपारी हलवायचं ते आपोआप दिसेल. कपडे धुणं, पाणी चढवणं, स्कूटर चार्ज करणं. मुलांना मीटर वाचायला शिकवा, शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनाही बरोबर घ्या. ती वही मला पाठवा. मी नाशिकला स्वतः येईन, मानधन नको.

आमची पार्ल्याची तीन मजली इमारत पुनर्विकासाला जाते आहे, चौदा मजले होणार. दोन वर्षांसाठी सोलर बसवावं का? आणि नव्या इमारतीत काय मागावं? करार अजून झालेला नाही.
*– एक सभासद, मुंबई*

दोन वर्षांसाठी नको. पॅनेल काढून दुसरीकडे नेता येतात, पण सांगाडा आणि मजुरी वाया जाते.

करार झालेला नाही हे फार चांगलं. तुमच्या जुन्या इमारतीचे फोटो पाहिले. प्रत्येक खिडकीवर दोन फुटी छज्जा, पश्चिमेला खोल गॅलरी, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. ज्याने ती बांधली त्याला ऊन कळत होतं. नव्या नकाशात पश्चिमेला छतापर्यंत काच आहे आणि छज्जा गायब. त्या दिवाणखान्यात एसीशिवाय बसता येणार नाही, आणि ती वीज चौदा मजल्यांची एक गच्ची कधीच भरून काढणार नाही. तीन मजल्यांवरून चौदावर जाताना घरं वाढतात, ऊन तेवढंच राहतं. शहरात शिलकीच्या इमारती वाढायच्या असतील तर हे पुनर्विकासाच्या टेबलावरच ठरतं. नंतर पॅनेल लावून ते दुरुस्त होत नाही, हे मी डझनभर सोसायट्यांत बघितलंय.

तेव्हा करारात मागा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची घरांसाठीची 'इको निवास संहिता' २०१८ पासून आहे. त्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट ठरवली आहे. तुमच्या वास्तुरचनाकाराने तो आकडा काढून, सही करून द्यावा. पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीला छज्जा किंवा बाहेरची झडप. टाक्या आणि लिफ्टची खोली गच्चीच्या उत्तरेला, म्हणजे त्यांची हिवाळी सावली पॅनेलवर पडणार नाही. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत सोलरच्या केबलसाठी वेगळा पाइप आताच घाला, नंतर तो चौदा मजले भिंतीवरून लोंबतो. गच्चीचा हक्क सोसायटीकडे राहील आणि तिथे मोबाइलचा टॉवर किंवा वरच्या फ्लॅटवाल्याची बाग येणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. त्याच ब्यूरोचं 'शून्य' नावाचं मानांकन आहे, स्वतः तयार केलेली वीज वजा करून इमारतीचा वापर दर चौरस मीटरला वर्षाला १० युनिटांच्या आत आला तर 'शून्य', आणि शून्याखाली, म्हणजे शिलकीत, 'शून्य प्लस'. चौदा मजल्यांना ते मिळणार नाही, पण त्याच पद्धतीने विकासकाला तुमच्या इमारतीचा आकडा काढायला लावा, म्हणजे इतर प्रस्तावांशी ताडून पाहता येईल.

सभा वीस तारखेला आहे असं तुम्ही लिहिलंय. कराराचा मसुदा आणि पश्चिम बाजूचा नकाशा पंधरापर्यंत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. छज्जांची मापं मी लाल पेनाने घालून परत धाडते.